राजांना एका वेळी एकच विचारावं

सूश्यांग नेमकं काय काम करते, हे तिच्या नवऱ्यालाही धड सांगता यायचं नाही. त्याचं न्याहारीचं दुकान होतं. सकाळी तव्यावर अंड्याच्या पोळ्या उलथताना गिऱ्हाइकांनी विचारलं, "मालकीणबाई हल्ली असतात कुठं?" की तो म्हणायचा, "विद्यापीठात. तीन प्रोफेसर सांभाळते." नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, पाळणाघर असेल. तसं ते फार चुकीचंही नव्हतं.

को सूश्यांग, वय त्रेपन्न, तैवानच्या ताइनान शहरातल्या एका विद्यापीठात प्रकल्प सहायक. त्याआधी ती बुटांच्या एका कंपनीत हिशेब आणि पत्रव्यवहार बघायची. कंपनी परदेशी गेली, सूश्यांग इथेच राहिली. त्याच सुमारास वरच्या लोकांनी ठरवलं होतं की एकट्यादुकट्या विषयाने आता जगाचं भलं होत नाही. अनुदान हवं तर निदान तीन विषयांनी हातात हात घालून यावं. आता प्राध्यापक मंडळींना हातात हात घालायची सवय कुठली? जन्मभर ज्याने त्याने आपापली खोली आतून लावून घेतलेली. तीन तिघाडा, काम बिघाडा, ही म्हण ज्याने केली तो नक्की एखाद्या आंतरशाखीय बैठकीतून उठून आला असणार. तर या तिघांना एका टेबलाशी बसवायला कोणीतरी हवं होतं, ज्याला स्वतःचा असा विषयच नाही. सूश्यांग त्या जागेवर आली आणि वर्षावर्षाच्या करारावर बारा वर्षं टिकली.

तिचे तीन प्रोफेसर म्हणजे तीन नमुने. वंग सर यंत्रवाले, चाळिशीचे, सदा घाईत. माणूस समोरून चालत आला तरी ते त्याच्या गुडघ्याचा कोन बघायचे. ज्येन मॅडम शिक्षणशास्त्राच्या. जगातली कुठलीही गोष्ट कानावर आली की त्या विचारायच्या, "पण मुलांना कसं वाटतं?" आणि यो सर लोकपरंपरांचे अभ्यासक, निवृत्तीला टेकलेले. त्यांचं पालुपद ठरलेलं: "हे पूर्वी असं नव्हतं."

यांना सांभाळायची सूश्यांगची पद्धत साधी होती. बैठक तापायला लागली की ती जेवणाचे डबे आत आणायची. तोंडात कोंबडीची तंगडी असताना माणसाला दुसऱ्याचा सिद्धांत खोडून काढता येत नाही. आणि संध्याकाळी तिघांना वेगवेगळे फोन करायची. एकदा वंग सर भर बैठकीत म्हणाले की यो सरांनी तीस वर्षांत केलं ते काम यंत्र एका दुपारी करेल. यो सर छत्री विसरून निघून गेले. सूश्यांगने त्यांना फोन लावला. "सर, वंग सर म्हणत होते, तुमच्या पुस्तकांशिवाय यंत्राला ओ की ठो कळणार नाही." मग वंग सरांना फोन. "यो सर म्हणाले, पोरगा तोंडाळ आहे, पण हुशार आहे." दोघांपैकी एकानेही असलं काही म्हटलेलं नव्हतं. पुढच्या बैठकीला मात्र दोघं एकमेकांच्या पेल्यात चहा ओतत होते. याला कोणी थापा म्हणो. मी तर याला संशोधन म्हणेन.

तिची दुसरी कला होती अर्ज लिहिण्याची. ती असे शब्द शोधून काढायची की त्यांच्याखाली तिघंही बसावेत आणि प्रत्येकाला वाटावं, हे माझंच म्हणणं. या कलेवर तिचा फार जीव होता. आणि खांबोएला तिचं घोडं अडलं ते याच कलेपायी.

खांबोए म्हणजे तिचं माहेर. समुद्राकाठी माशांची तळी, तळ्यांच्या मधोमध लीराजे या गावदेवाचं देऊळ आणि देवळाचं लढाईचं पथक. छत्तीस माणसं ढाल, तलवार, कुऱ्हाड, कुदळ, दाताळं घेऊन ढोलाच्या ठेक्यावर रिंगण धरतात, सापासारखी वळतात, कोळ्यासारखं जाळं विणतात. धरतात म्हणजे धरत होती. जवान पोरं संगणकाच्या चिपांच्या कारखान्यांत पांगली, छत्तीस माणसं जमेनात आणि पथक बसलं. हत्यारं देवळामागच्या खोलीत कुलुपात गेली.

यावरूनच प्रकल्प निघाला. म्हाताऱ्या खेळाडूंच्या अंगावर वंग सर बारीक बारीक यंत्रं बांधणार, ती प्रत्येक पाऊल टिपून घेणार. त्यावरून ज्येन मॅडम गावच्या शाळेत मुलांना पथक शिकवणार. यो सर इतिहास लिहिणार. सूश्यांगने अर्जात लिहिलं: "स्थानिक युद्धरचनेच्या परंपरेचे जतन करून, विद्यार्थ्यांच्या सर्वसमावेशक सहभागातून, शैक्षणिक, सांस्कृतिक आणि तांत्रिक अंगांनी तिचा एकात्मिक विकास साधणे." परीक्षकांनी या वाक्यावर पहिल्या वर्षाचे पैसे दिले.

त्या वाक्यात एक गोष्ट झाकलेली होती आणि ती सूश्यांगला पक्की ठाऊक होती. खांबोएच्या शाळेत आता विद्यार्थी म्हणजे बहुतेक मुलीच. आणि खांबोएत बाईमाणसाने पथकाच्या हत्याराला हात लावायचा नाही, ते ओलांडायचं नाही, त्या खोलीच्या उंबऱ्याशी उभंसुद्धा राहायचं नाही. डोंगराकडच्या गावांत बायकांची पथकं उभी राहून जमाना झाला, पण खांबोए ते खांबोए. यो सरांना हे माहीत होतं, ते बोलले नाहीत, कारण विषय वाढला असता. ज्येन मॅडमच्या डोक्यात असा प्रश्नच आला नाही. वंग सरांना गुडघा मुलाचा की मुलीचा याने फरक पडत नव्हता. सूश्यांगने मनाशी म्हटलं, आधी परवानगी पदरात पडू दे, मुलींचं मग बघू. म्हणून तिने "सर्वसमावेशक" लिहिलं आणि त्यावर पांघरूण घातलं.

पथकाचे वस्ताद ह्वेसिंग काका. तिच्या वडिलांचे दोस्त, सत्तरी कधीच ओलांडलेली, सुपारीने दात लाल. संमतीच्या कागदावर त्यांनी मुकाट्याने सही केली आणि कागद परत देताना विचारलं, "माझी झाली. राजांची?"

"राजांची सही कशी घ्यायची, काका?"

"विचारून. ते हो म्हणाल्याशिवाय कुलूप निघत नाही. लागोपाठ तीन कौल."

वंग सरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, विद्यापीठाच्या नीतिसमितीच्या फॉर्ममध्ये देवाचा रकाना नाही हो."

"मी शेरा लिहीन, सर," सूश्यांग म्हणाली.

महिनाअखेरीला परीक्षक यायचे होते. हत्यारं बाहेर आली नाहीत तर दाखवायला काही नाही. दाखवायला काही नाही तर दुसरं वर्ष नाही, आणि दुसरं वर्ष नाही तर सूश्यांगचा करारही नाही. तिघं प्रोफेसर आपापल्या खोल्यांत परत गेले असते. त्रेपन्नाव्या वर्षी ती कुठे जाणार होती? अंड्याच्या पोळ्या उलथायला. नवरा आनंदाने म्हणाला असता, "ये की." तिला तेच नको होतं. तिला हे काम आवडायचं. तीन शहाणी माणसं एकमेकांचं ऐकून घेतात तो एखादा क्षण तिला फार आवडायचा, आणि तो तिच्यामुळे येतो हे तिला मनातल्या मनात माहीत होतं.

शनिवारी सकाळी सगळे देवळात जमले. समुद्रावरून गार वारा येत होता. सूश्यांगने फळं मांडली, उदबत्त्या लावल्या. कौलाच्या दोन लाल लाकडी फाका काकांनी तिच्या ओंजळीत दिल्या. काजूच्या आकाराच्या या फाका एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर असतात. जमिनीवर टाकल्यावर एक उताणी नि एक पालथी पडली, तर राजे हो म्हणाले. दोन्ही पालथ्या तर नाही. आणि दोन्ही उताण्या पडून पाठीवर डुलायला लागल्या, तर राजे हसले. हसले म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही.

सूश्यांगने गुडघे टेकले. स्वतःचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, जन्मतिथी सांगितली आणि अर्जातलं ते वाक्य खणखणीत म्हणून दाखवलं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. फाका टाकल्या. दोन्ही उताण्या. डुलत राहिल्या.

"हसले," काका म्हणाले.

तिने पुन्हा टाकल्या. पुन्हा हसले.

"भाषा चुकतेय," यो सर पुढे झाले. "राजे जुन्या काळचे. त्यांच्याशी त्या काळच्या भाषेत बोलायला हवं." त्यांनी गुडघे टेकले आणि जुन्या ग्रंथांतल्या भाषेत असं काही लांबलचक निवेदन केलं की काकांनीसुद्धा हात जोडले. फाका पडल्या. राजे हसले. यो सरांचे गुडघे मात्र धरले, आणि त्यांना उठवायला वंग सरांना काखेत हात घालावा लागला.

"अवघड शब्द नकोत," ज्येन मॅडम म्हणाल्या. "मुलांशी बोलतो तसं मोकळं बोलू या." आणि हात जोडून गोड आवाजात, "राजे, या प्रकल्पाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"ओ बाई," काका खेकसले, "हो-नाही करता येईल असं विचारा! राजे काय निबंध लिहिणार आहेत?"

मॅडम ओशाळल्या. त्यांनी प्रश्न बदलून कौल टाकला. राजे हसले.

वंग सर फाका उलटसुलट करून बघायला लागले. "चारदा लागोपाठ हसले. असं अडीचशेत एकदा होतं. लाकूड एका बाजूला जड असणार. मी शंभरदा टाकून बघतो, मग कळेल."

काकांनी त्यांच्या मनगटावर चापट मारली. "राजांची परीक्षा घेतोस? प्रोफेसर असशील तुझ्या घरी!"

"परीक्षा नाही काका, नुसती तपासणी..."

"ठेव ते खाली!"

वंग सरांनी फाका अशा खाली ठेवल्या, जणू गरम तवाच हातात होता. इतक्यात मागच्या दाराने काकांची बायको, शोकखिम काकू, माशाच्या पेजेचं पातेलं घेऊन आल्या. "देव हसतोय तर हसू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या. उपाशी पोटी वाद घालू नका."

सूश्यांग वाडग्यातली पेज नुसती ढवळत राहिली. बारा वर्षांत तिच्या वाक्याला कोणी नाही म्हटलं नव्हतं. हसलं तर त्याहून नव्हतं.

पेज भुरकत काकांनी तिघांकडे पाहिलं. "आता मला सांगा, तुम्हाला हवंय काय? एकेकाने. कागदातलं नको, तोंडाने."

"पावलं," वंग सर लगेच म्हणाले. "छत्तीस माणसांची, सगळी. यंत्राला एकदा रचना कळली की माणूस कुठे चुकला ते यंत्र सांगेल."

"चुकला म्हणजे?" ज्येन मॅडमनी चमचा खाली ठेवला. "मुलांनी चुकू नये? मला तर मुलांनी आपल्या मनाने नवं रिंगण रचायला हवंय."

"नवं?" यो सरांच्या घशात काटा अडकता अडकता राहिला. "एक पाऊलसुद्धा बदलता कामा नये! जे आहे ते जसंच्या तसं नोंदवायचं आणि..."

"आणि कपाटात ठेवायचं!"

"मॅडम, कपाटात निदान सुरक्षित राहतं!"

"माणसांनी खेळलंच नाही तर यंत्र टिपणार काय, कपाट?" वंग सर ओरडले.

काका मान हलवत बघत राहिले. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणाले. "हे सगळं एका दमात विचारलंत. राजे हसतील नाहीतर काय करतील? एका वेळी एकच विचारावं, एवढं लहान पोराला कळतं." मग त्यांनी सूश्यांगकडे तोंड वळवलं. "बरं, ते राहू दे. तुझ्या कागदात छत्तीस लिहिलेत. आम्ही म्हातारे नऊ उरलो. बाकीचे कुठून आणणार?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं: विद्यार्थ्यांच्या सर्वसमावेशक सहभागातून. तिने तोंड उघडलं आणि तिला ते वाक्य म्हणवेना. समोर राजे बसले होते, पेजेची वाफ येत होती, आणि ते वाक्य तिला एकदम खोटं वाटलं. खोटं नव्हे, भित्रं. तिघांची भांडणं तिने बारा वर्षं शब्दांखाली झाकली होती. आज तिने स्वतःची भीतीही तिथेच झाकली होती.

तिने वाडगा ठेवला आणि फाका उचलल्या.

"काय करतेस?" काकांनी विचारलं.

"काका, शाळेत मुलगे चार आहेत. बाकी सगळ्या मुली. गावात राहिल्यात त्याही बायकाच. मुली नाहीत तर पथक नाही. मी तेवढंच विचारणार आहे."

यो सर छताकडे बघायला लागले. काकांचा चेहरा लाल झाला.

"बाईमाणसाने हत्याराला हात लावायचा नाही. हे मी नाही ठरवलं. माझ्या बापाने मला सांगितलं, त्याला त्याच्या बापाने."

"मग तुम्ही कशाला घाबरता? मी राजांना विचारतेय, तुम्हाला नाही."

काकांना असं उत्तर आजवर त्यांच्या बायकोशिवाय कोणी दिलं नव्हतं. त्यांनी सुपारी थुंकली. "विचार. पण ऐकून ठेव, सूश्यांग. राजे नाही म्हणाले तर विषय इथंच मिटला. मुलींचा पण आणि यंत्रांचा पण. पुन्हा या देवळात कागद घेऊन यायचं नाही."

वंग सर तिच्या कानाशी आले. "ताई, थोडं थांबू या का? दुसरे काही शब्द..."

"शब्द संपले, सर," सूश्यांग म्हणाली.

तिने गुडघे टेकले. आता परतीची वाट नव्हती. नाही आलं तर करार गेला, टेबल गेलं, तिघं गेले, आणि माहेरी तोंड दाखवायची सोय गेली. तिने नाव, पत्ता, तिथी सांगितली. "राजे, खांबोएच्या शाळेतल्या मुलींनी पथकात हत्यार धरलं तर चालेल का?"

फाका पडल्या. दोन्ही उताण्या. डुलल्या.

सूश्यांगने फाका पुन्हा पुन्हा निरखल्या. एवढं सरळ विचारलं, तरी हसू?

"नाही तर म्हणाले नाहीत," ज्येन मॅडम पुटपुटल्या.

"हसणारच," मागून काकूंचा आवाज आला. त्या पातेलं पुसत उभ्या होत्या. "ताकाला गेलीस आणि अजून भांडं लपवतेस. मुलींसाठी विचारतेस होय? लहानपणी त्या खोलीच्या भिंतीमागं उभी राहून कोण पावलं टाकायचं? मी पाहिलेलं नाही काय? मी पण टाकायचे. दोघी एकाच भिंतीमागं, फक्त वीस वर्षांच्या अंतराने."

काका बायकोकडे बघतच राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांना नवी होती.

सूश्यांगच्या डोळ्यांत पाणी आलं. शरमेचं की कशाचं, तिलाही कळलं नाही. दुसऱ्याला काय हवं ते शब्दांत मांडायचं, हेच तिचं काम. मला हवंय, असं वाक्य तिने शेवटचं कधी म्हटलं होतं, ते तिला आठवेना. तिने बाहीने डोळे पुसले आणि फाका कपाळाला लावल्या.

"राजे, मी को सूश्यांग. मला पथकात यायचंय. मला, काकूंना आणि शाळेतल्या मुलींना. आम्ही आलो तर चालेल का?"

एक उताणी, एक पालथी.

काकांनी खाली वाकून बघितलं. तिने पुन्हा टाकल्या. एक उताणी, एक पालथी. वंग सर फाकांवरून नजर काढेनात. एरवी त्यांनी लगेच आकडा सांगितला असता. तिसऱ्यांदा एक फाक जागीच पालथी बसली आणि दुसरी गरगरत देवाच्या टेबलाखाली गेली. यो सर, ज्यांचे गुडघे धरले होते, तेच सगळ्यांत आधी जमिनीवर आडवे झाले. फोनचा उजेड पाडला.

"उताणी!" ते टेबलाखालून ओरडले. "उताणी आहे! आणि हे पूर्वी असं नव्हतं!" त्यांना इतकं हसताना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

ज्येन मॅडमनी सूश्यांगला मिठी मारली. काका मात्र राजांसमोर जाऊन उभे राहिले. मग त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला. "तुम्हीच हो म्हटलंत," ते राजांना म्हणाले, "आता मी कोण बोलणार?" आणि कमरेची किल्ली काढत बायकोला म्हणाले, "एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतंत कधी?" काकू म्हणाल्या.

यंत्रांचा कौल त्याच दुपारी वेगळा मागितला. तोही मिळाला, पण चौथ्या प्रयत्नात; आधी वंग सरांना प्रश्नातून "अचूक" हा शब्द गाळावा लागला. महिनाअखेरीला परीक्षक आले. त्यांच्यातल्या एकाने नवा संशोधन-प्रश्न वाचला: खांबोएच्या मुली आणि बायका युद्धरचना कशी शिकतात? "इतका छोटा?" त्याने विचारलं.

"याहून मोठ्याला राजे हसतात," वंग सर गंभीरपणे म्हणाले, आणि यो सरांनी मान डोलावली. दुसरं वर्ष मंजूर झालं. सूश्यांगचा करार अजूनही वर्षावर्षाचाच आहे, त्यात कोणा राजाने लक्ष घातलेलं नाही. संध्याकाळचे फोन मात्र तिने कमी केलेत. आता बैठकीत भांडण लागलं की ती विचारते, "सर, तुम्हाला काय हवंय? तोंडाने सांगा." कधीकधी डबे थंड होतात.

दर शनिवारी ती खांबोएला जाते. तिचे गुडघे दुखतात म्हणून काकांनी तिला कुऱ्हाड दिली नाही. पथकात एकाच्या हातात छत्री असते, तीही लढाईचीच. ती तिला मिळाली. सूश्यांगचा कुऱ्हाडीवर डोळा होता. ती कुऱ्हाड काकूंनी पटकावली आणि आता त्या कोणाला हातही लावू देत नाहीत. शाळेच्या मुली ढाली घेऊन उड्या मारतात, म्हातारे शिव्या घालतात, वंग सरांच्या यंत्रांचे लाल दिवे सगळ्यांच्या कोपरांवर लुकलुकतात.

पहिल्याच शनिवारी रिंगण फिरायला लागलं. समोरून दाताळंवाला म्हातारा जोरात आला, तशी सूश्यांग अंग चोरून बाजूला झाली. तिच्यामागची मुलगी अडखळली, तिच्यामागची तिच्यावर आदळली आणि सापाची शेपटी तुटली.

"थांबा!" काकांनी ढोल बंद केला. "सूश्यांग, बाजूला का झालीस?"

"ते येत होते काका, म्हटलं त्यांना जाऊ द्यावं."

"तो त्याच्या वाटेने जाईल! तो बघेल त्याचं! पथकात कोणी कोणाला वाट करून द्यायची नसते. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. तू सरकलीस की मागचे सगळे पडतात, कळलं? ही जागा तुझी आहे. पुन्हा सोडलीस तर बघ!"

एरवी कोणी इतकं ओरडलं असतं तर सूश्यांगने माफी मागितली असती. त्या दिवशी तिने मागितली नाही. ती आपल्या जागेवर परत आली आणि छत्री घट्ट धरली. ढोल वाजला, दाताळं पुन्हा अंगावर आलं, आणि या खेपेला ती हलली नाही. म्हातारा तिच्या कानाजवळून सुटकन निघून गेला.

"हां!" काका ओरडले. "असं!"

आणि सूश्यांग, त्रेपन्न वर्षांची, भर अंगणात सगळ्यांसमोर मोठ्याने हसली.